विहिरीपाशी ठेवलेला पाव

तो खेळ आमच्या घरात आला त्या दिवसांत मी फार दमलेली असायची. म्हापशाच्या एका इस्पितळात मी नर्स होते, अजूनही आहे. साथीचं ते पहिलं वर्ष. बसगाड्या बंद होत्या, म्हणून इस्पितळाची गाडी आम्हा तिघी-चौघींना डिचोलीहून घेऊन जायची आणि परत आणून सोडायची. गाडीत कोणी बोलत नसे. घरी आल्यावर मी पुढच्या दाराने आत जायचीच नाही. मागच्या न्हाणीत कपडे कढत पाण्यात टाकायचे, डोक्यावरून अंघोळ करायची आणि मग सोप्यावरच्या एका खुर्चीत वेगळी बसायची. ती खुर्ची माझ्यासाठीच ठेवलेली. नवरा ताट आणून कट्ट्यावर ठेवी आणि मागे सरे. मुलगी उंबऱ्याच्या आत उभी राहून माझ्याशी बोले. ती तेव्हा सहावीत होती.

नवऱ्याला काम नव्हतं. त्याचे वडील सिंधुदुर्गातून खाणीवर आले होते, आणि नवरा डिचोलीत जन्मून त्याच खाणीवर लागला होता. तो खोदायच्या यंत्रावर नव्हता. तो पंपावर होता. आमच्याकडच्या खाणी इतक्या खोल गेल्या होत्या की तळाला सतत पाणी सुटायचं. ते पाणी रात्रंदिवस उपसत राहावं लागे, नाहीतर खालची यंत्रं बुडायची. हे त्याचं काम. खाणी बंद झाल्या तसे पंपही बंद झाले, आणि पुढच्या पावसाळ्यांत तो सगळा खड्डा हळूहळू भरला. आता तिथं हिरवट निळं तळं आहे. बाहेरून येणारे लोक कुंपणाशी उभे राहून त्याचे फोटो काढतात. खाणीनंतर नवऱ्याने थोडे दिवस पाण्याचा टँकर चालवला. साथीत तेही थांबलं आणि तो घरी बसला.

मुलीची शाळा फोनवर भरायची, म्हणून एक बरासा फोन घेतला होता. शाळा संपली की तो तिच्या हातात राही. त्यातच कुठून तरी तिला हा खेळ मिळाला.

खेळ दिसायला इतका गोड होता की मला पहिल्यांदा बरंच वाटलं. ढगांवर वसलेलं एक छोटं गाव. त्यात एक गोलमटोल पिवळं अस्वल, गालावर पिठाचे डाग, डोक्यावर टोपी. अस्वल पहाटे उठून भट्टीत पाव भाजायचं आणि टोपलीत घालून घरोघर नेऊन द्यायचं. शिवणकाम करणारी एक हंसीण, चष्मा लावलेलं कासव, सदा शिंकणाऱ्या मेंढ्या, असे शेजारी. पाव मिळाला की शेजारी टाळ्या वाजवत, आणि टाळ्या वाजल्या की अंगणात एक फूल उगवे. मागे बारीक घंटांचं संगीत. आमची मुलगी त्या अस्वलाला पोदेर म्हणायची. आमच्या आळीत रोज सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत पाव घेऊन येतो तो पोदेर. साथीतही तो एकटा नेमाने यायचा, म्हणून तिला ते सुचलं असावं.

नवराही तिच्याबरोबर खेळायला बसे. खेळातलं बोलणं सगळं इंग्रजीत. त्याला ते वाचता यायचं, पण सावकाश. मुलगी एक वाक्य वाचायची आणि घरच्या भाषेत त्याला सांगायची. मी खुर्चीत डोळे मिटून ते ऐकत बसे. मेंढ्या काय म्हणाल्या, कासव काय म्हणालं, सगळं आमच्या मालवणीत. अंग ठणकत असायचं, तरी ऐकायला छान वाटे.

एके दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, कासव सांगता, एक पाव बावीकडेन ठेव. खालच्याक."

"खालचो म्हणजे कोण?"

"ता सांगणा नाय. म्हणता, असाच करतत. पयल्यापासून."

नवरा हसला. "अगो, तो राखणदार. तुझ्या आजोबांच्या गावात रोट ठेवतत मा, तसा."

माझं माहेर पेडण्यात, इब्रामपूरला. वडील वर्षातून एकदा रोट, म्हणजे जाड भाकरी, भाजून वेशीवरच्या झाडाखाली ठेवायचे, हे मुलीने पाहिलेलं होतं. राखणदार कोणाला दिसत नाही, पण रात्री गावाभोवती फिरतो आणि गुरांना, पोरांना सांभाळतो. तिला ते पटलं. पुढे ती रोज मोठ्या प्रेमाने पहिला पाव विहिरीच्या कठड्यावर ठेवू लागली. दुसऱ्या सकाळी तो नसायचा.

पंधरवडा झाला असेल. मी अंघोळ करून सोप्यावर येऊन बसले, तर मुलगी उंबऱ्यात उभी. चेहरा उतरलेला.

"आई, हंसीण नाय."

"कुठं गेली?"

"तिचा घरच नाय. थंय फुला आसत. आणि मी कासवाक इचारलंय, तर ता म्हणता, कोण हंसीण?"

मी म्हटलं, "खेळ तो. उद्या येईल परत." याहून जास्त बोलायची ताकद माझ्यात नव्हती. त्याच दिवशी आमच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट रिकामी झाली होती. तासाभरात चादर बदलून त्या खाटेवर दुसरा पेशंट आला. त्याने मला विचारलं, इथं आधी कोण होतं? मी म्हटलं, कोणी नाही, तुम्ही पडून राहा. धीर द्यायला आम्ही असंच सांगायचो.

हंसीण आली नाही. पुढे मेंढ्या एकेक करून कमी झाल्या. प्रत्येक वेळी घराच्या जागी फुलं, आणि राहिलेल्यांना काही आठवत नाही. टाळ्या वाजवायच्या तशाच. मुलीने आणखी एक गोष्ट हेरली होती. खेळात संध्याकाळ झाली की आभाळात चांदण्या दिसत, त्याही कमी होत चालल्या होत्या. ती अंगणात बसून फोनवर चांदण्या मोजायची आणि बापाला दाखवायची. संगीत तेच होतं, पण रोज थोडं संथ वाजे. नवरा म्हणाला, फोन बिघडला असणार. मुलगी म्हणाली, फोन नाही, खेळच तसा आहे.

मग तो विहिरीतला बोलला.

त्या दुपारी मला सुट्टी होती. मी सोप्यावरच आडवी झाले होते. आतून मुलीच्या वाचण्याचा आवाज येत होता, आणि तो मध्येच थांबला. नवरा म्हणाला, "काय म्हणता? सांग मा." नवऱ्याने पुन्हा विचारलं, तेव्हा तिने अगदी सपाट आवाजात वाचून सांगितलं.

"तो म्हणता, मी तुमका खाय नाय. तुमी कोण ता माका ठाऊकच नाय. मी निजेत कूस बदलतंय, आणि तुमी संपतास."

थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, हो राखणदार नाय."

मी उठून दारात गेले. आत जायचं नाही हा नियम मी त्या दिवशी मोडला आणि तिच्या खांद्यावरून फोनमध्ये पाहिलं. अस्वल विहिरीच्या कठड्यावर उभं होतं, हातात टोपली, गालावर पिठाचे तेच डाग. आणि विहीर विहीर राहिली नव्हती. चित्र लांब लांब जात होतं. अस्वल ठिपक्याएवढं झालं, गाव बोटाएवढं, आणि मग दिसलं की ज्यांना आम्ही ढग समजत होतो ते ढग नव्हते. ती कशाची तरी कातडी होती. तिला काठ नव्हता. वरचा चंद्रसुद्धा पापणीसारखा मिटलेला. सगळं तेवढ्याच गोड रंगांत, गुलाबी आणि पिस्त्याच्या रंगात काढलेलं. घंटा वाजत होत्या.

अक्राळविक्राळ काही असतं तर ती कदाचित घाबरली नसती. दात नव्हते, रक्त नव्हतं. तो निजला होता, एवढंच.

त्यानंतर मुलगी विचित्र वागू लागली. पाव खाईना. सकाळी पोदेराचा भोंगा ऐकला की आत निघून जायची. दिवा मालवून झोपायला तयार होईना. आणि एकदा ताट कट्ट्यावर ठेवायला बापाऐवजी तीच आली, ताट ठेवलं, मागे सरली, आणि म्हणाली, "आई, तुझ्या वॉर्डातल्या माणसांची नावा तुका आठवतत?"

"कोणत्या माणसांची?"

"गेली ती."

मी भात कालवत होते. आठवायचा प्रयत्न केला. खाटांचे नंबर आठवत होते. म्हटलं, "काही आठवतात." तिने मान हलवली आणि आत गेली. ती पुढे काही विचारेल म्हणून मी घास हातात धरून थांबले होते. तिने विचारलं नाही.

मी नवऱ्यावर चिडले. मुलगी शेजारी फुलं आणायला गेली होती तेव्हा म्हटलं, "असलं काय तिला खेळू देता तुम्ही? दिवसभर घरात असता, एवढं कळत नाही?"

"माका काय म्हायत? अस्वल बघलंय, पाव बघलंय. पोरांचो खेळ वाटलो."

"मग आता काढून टाका."

तो मग म्हणाला, "काढून कायेक होवचा नाय. तिणा बघला ता बघला." आणि त्यानंतर त्याने मला जे सांगितलं ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही कधी सांगितलं नव्हतं. खड्ड्याच्या तळाशी पंपाजवळ तो दुपारी एकटा असायचा. वरची सगळी माणसं जेवायला गेलेली. चारी बाजूंनी लाल भिंती, वर आभाळाचा तुकडा. "थंय उभो रवलंय की माका वाटायचा, ह्या डोंगराक आमी आसंव ता म्हायतच नाय. आमी तेका पोखरलो, ट्रकांनी भरून बोटींर घातलो. तेका काय नाय. मगे पंप बंद झाले, आणि मी बघूक गेलंय तर पाणी वर येय होता. राग नाय, काय नाय. पाणी वर ईला."

"आणि तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली मा. पण कोणाक सांगतलंय? मुकादमाक?"

आम्ही दोघं थोडं हसलो. बऱ्याच दिवसांनी.

मग मीच आजारी पडले. कधीतरी होणारच होतं. माझं हलक्यावर निभावलं, पण ताप होता, आणि कोपऱ्यातल्या खोलीत मला वेगळं राहावं लागलं. त्या खोलीचं जनेल मागच्या अंगणात उघडतं. आमच्याकडे खिडकीला जनेलच म्हणतात. जनेलाला लोखंडी गज आहेत आणि बाहेर फणसाचं झाड. जेवण तिथूनच यायचं. पहिले दिवस मी नुसती पडून राहिले. खरं सांगायचं तर आजारपणात मला एक चोरटा आराम वाटत होता. कोणी हाक मारत नव्हतं. कोणाची सलाइन संपत नव्हती.

ताप जरा उतरला त्या दुपारी जनेलाबाहेर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मुलगी फणसाखाली येऊन बसली होती, तोंडावर मास्क. तिने उठून फोन जनेलाच्या चौकटीवर ठेवला आणि परत मागे जाऊन बसली.

"घे. शाळा झाली."

"काय करू?"

"खेळ."

तिने खेळ काढून टाकला नव्हता. म्हणाली, आता चारच जण उरलेत. कासव, दोन मेंढ्या आणि पोदेर. तिला पुढे न्यायचं धैर्य नाही आणि सोडून देववत नाही.

"बाबांना सांग ना."

"बाबांका काय कळता? तू नर्स आसंस. तू बघ, ती कशी रवतली."

मला हसू आलं आणि खोकला आला. खोकला थांबेपर्यंत ती वाट पाहत बसली. मग मी फोन पुसून हातात घेतला.

पुढचे काही दिवस दुपारी आम्ही अशा बसलो. मी आत खाटेवर, ती बाहेर झाडाखाली, मध्ये गज. माझे डोळे दुखायचे, तरी इंग्रजी अक्षरं मी मोठ्याने वाचायची आणि ती बाहेरून सांगायची काय दाबायचं ते. मला खेळ येत नव्हता. मी अस्वलाला भट्टीत नेऊन ठेवलं, पाव करपवले, एकदा टोपली ढगावरून खाली टाकली. मुलगी कपाळावर हात मारायची. तिला एवढं हसताना मी त्या वर्षात पाहिलं नव्हतं.

पण नंतर आम्ही कामाला लागलो. मी म्हटलं, विहिरीपाशी पाव ठेवायचाच नाही, बघू काय होतं. दुसऱ्या सकाळी एक मेंढी नव्हती. मुलगी म्हणाली, तो रागावला. मग आम्ही भाजलेले सगळे पाव विहिरीपाशी नेऊन ठेवले, शेजाऱ्यांना उपाशी ठेवून. दुसऱ्या सकाळी दुसरी मेंढी नव्हती. मी खेळ मागच्या दिवसावर नेऊन पुन्हा खेळून पाहिलं. अर्धे पाव, गोड पाव, पावाबरोबर फुलं. कशानेच फरक पडत नव्हता. जे जायचे ते जात होते, आणि कोण आधी कोण मागून याला काही हिशेब नव्हता. मला हे फार लवकर कळलं. वॉर्डात महिनोन् महिने आम्ही तेच बघत होतो. आडदांड माणूस जायचा आणि त्याच्या शेजारची किडकिडीत म्हातारी चालत घरी जायची.

मुलीला सांगावं की नाही हे मला समजेना. पण तीच म्हणाली, "आई, पावाचा तेका काय पडलाच नाय."

"नाही पडलेलं."

"मगे ठेवूचो कशाक?" ती रडकुंडीला आली होती. "इतके दीस मी ठेवलंय. पयलो पाव. चांगलोसो बघून."

मी उशीला टेकून बसले. ताप गेला होता, पण अंगात पाणी भरल्यासारखं जड वाटत होतं. म्हटलं, "त्याला नको ठेवू. कासव आहे ना अजून? कासवाला भूक लागत असेल. त्याला नेऊन दे."

"आणि ता गेला की?"

"गेला की गेला. आज आहे ना?"

माझं हे बोलणं काही शहाणपणाचं नव्हतं. मी थकले होते, आणि वॉर्डात आम्ही रोज जे करत होतो ते मी सांगितलं. ती बराच वेळ फणसाचं एक सुकलेलं पान चुरत बसली. मग म्हणाली, "दी कासवाक."

त्याच दिवसांतली आणखी एक गोष्ट. एका सकाळी मी जनेलातून पाहिलं, तर नवरा मागच्या नळावर पाय धूत होता. अंगात धुतलेला सदरा. हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. तो देवळाबिवळाच्या भानगडीत कधी पडला नाही. जत्रेलाही मीच मुलीला घेऊन जायची. तो मागच्या वाटेने गेला आणि दोनेक तासांनी परत आला. मुलीने दुपारी सांगितलं, बाबांनी रोट भाजला होता, कच्चा राहिला, मग परत भाजला.

बरी झाल्यावर मी त्याला विचारलं. "कुठं ठेवलात?"

"पाण्याकडेन." डोंगरावर राखणदाराचं झाड होतं ते खाणीत कधीच गेलं होतं. जागा म्हणून आता ते तळंच होतं. कुंपणाची तार एका ठिकाणी वाकली होती, तिथून तो आत गेला होता.

"माझ्यासाठी?"

"मगे काय माझ्यासाठी?"

"आणि त्याला कळलं?"

तो म्हणाला, "तेका काय कळतला? माका बरा वाटला." आणि उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेला. मी तिथंच बसून राहिले. आजवर त्याने मला कधी फूल आणलं नाही की साडी आणली नाही. आणि हा माणूस तारेखालून सरपटत गेला होता.

खेळाचं असं झालं. कासव गेलं. जायच्या आदल्या दिवशी त्याने पाव घेतला, चष्मा पुसला आणि टाळ्या वाजवल्या. मुलीने डोळे मिटून घेतले होते, मी तिला वाचून सांगितलं. मग एकटं अस्वल उरलं. पाव भाजायचं कोणासाठी? आम्ही बराच वेळ त्याला इकडून तिकडे नुसतं फिरवलं. सगळीकडे फुलंच फुलं. शेवटी मुलगी म्हणाली, "तेकाच खावूक दी." मी ते बटण दाबलं. अस्वल कठड्यावर बसलं आणि आपलाच पाव खाऊ लागलं. आभाळात एकही चांदणी नव्हती. मग चंद्र उघडला. वर्णन करण्यासारखं काही नव्हतं, सगळा पडदा पांढरा झाला आणि घंटा थांबल्या. मला वाटलं संपलं.

पण खेळ पुन्हा सुरू झाला. पहिली सकाळ. हंसीण दारात शिवत बसलेली, मेंढ्या शिंकत होत्या, कासवही होतं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. फक्त अस्वल दारातून बाहेर पडता पडता थांबलं आणि हंसिणीला म्हणालं, मला तू आठवतेस.

मी ते मोठ्याने वाचलं. मुलगी खुर्चीतून उठून जनेलाशी आली. तिला मी मागे हो म्हणायला हवं होतं, मी म्हटलं नाही. ती गजांच्या एका बाजूला, मी दुसऱ्या.

मी म्हटलं, "तू विचारलं होतंस ना, नावं आठवतात का? नावं नाही आठवत मला. पण एक बाई होत्या, मोरजीच्या. मला म्हणायच्या, बाय, केसांना जरा तेल लाव. केस गुंतले की डोकं भणभणतं म्हणायच्या. मी मोजे घालूनच तेल लावलं, हाताचे मोजे. त्या म्हणाल्या, रबराचा वास येतोय पण चालेल."

"मगे?"

"एक आजोबा होते. रोज विचारायचे, आज मासळी कोणती? मी सांगायची, आज बांगडे, आज सुंगटं. इस्पितळात कुठली मासळी? पण मी रोज एक नाव सांगायची. ते म्हणायचे, बांगडा असेल तर तिखट कमी घाल म्हणून सांग."

ती ऐकत होती. मी सांगत गेले. इतकं आठवेल असं मला वाटलं नव्हतं. एक मुलगा होता, शिट्टी वाजवायचा प्रयत्न करायचा आणि दम लागायचा. एकीने मला आपल्या सुनेच्या तक्रारी सांगितल्या, अगदी बारकाईने. एक काही बोललाच नाही, नुसता माझ्या बुटांकडे पाहायचा. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, बरोबरच्या नर्सनाही नाही. आम्ही एकमेकींत असलं बोलत नव्हतो, कारण दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. ऊन फणसाच्या पलीकडे गेलं. नवरा चहा घेऊन आला आणि आम्हाला बघून चहा कट्ट्यावर ठेवून परत गेला.

दुसऱ्या सकाळी मुलीने पाव खाल्ला. चहात बुडवून, उभ्या उभ्या.

सगळं एकदम सरळ झालं असं नाही. दिवा लावून झोपायची सवय तिला पुढे वर्षभर राहिली. मी कामावर परतले, आणि दुसऱ्या वर्षी साथ पुन्हा आली ती पहिलीपेक्षा वाईट होती. तेव्हा मात्र मी घरी आल्यावर, अंघोळ झाल्यावर, उंबऱ्यातल्या मुलीला रोज एखाद्या माणसाबद्दल काहीतरी सांगायची. नाव सांगायचं नाही हा माझा नियम. ती ऐकून घ्यायची आणि अभ्यासाला जायची. कधी कधी मला वाटायचं, एवढ्या लहान पोरीवर हे ओझं घालू नये. पण थांबवलं तेव्हा तीच विचारायला आली.

आता ती कॉलेजात आहे. तो खेळ जगभर कितीतरी लोक खेळतात असं ती सांगते. त्यांच्या आपसात चर्चा चालतात, तो खालचा कोण, कुठून आला, त्याच्याही खाली आणखी कोणी आहे का, चंद्र डाव्या डोळ्याचा की उजव्या. लोकांनी त्याची कुंडली मांडायची तेवढी बाकी ठेवली आहे. तिला त्यात आता फारसा रस नाही. एकदा मी विचारलं, असला खेळ करणारा माणूस कसा असेल गं? एवढी गोड चित्रं काढायची आणि आत हे घालायचं? ती म्हणाली, "तुझ्यासारखा असेल. कामावरून दमून येत असेल." ती आता माझ्याशी अशी मराठीत बोलते, बापाशी मालवणीत.

नवऱ्याला मोरजीच्या एका हॉटेलात काम मिळालं. पोहण्याच्या तलावाचे पंप सांभाळायचे. पाणी स्वच्छ, तळ दिसतो, तो हसून सांगतो. पर्यटकांच्या हंगामात पंधरा-पंधरा दिवस तिकडेच राहतो. खाणी परत सुरू होणार असं दर निवडणुकीत ऐकू येतं. तो म्हणतो, झाल्या तरी मी जायचा नाही. मला ते खरं वाटत नाही, पण मी वाद घालत नाही.

माझी निवृत्ती अजून दूर आहे. सकाळच्या पाळीला मी पहिली बस धरते, डिचोली बाजारातून. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला निघालेल्या बायका टोपल्या घेऊन चढतात आणि उभं राहायलाही जागा नसते. इतर दिवशी खिडकीची जागा मिळते. बसल्या बसल्या मला झोप लागते, मान काचेवर आपटते, तरी जाग येत नाही. कंडक्टर आता ओळखीचा झाला आहे. स्टँड आला की मला उतरवायला तो पाठीमागून खुर्चीवर दोन थापा मारतो आणि म्हणतो, "बाय, देंव. म्हापशें पावलें."